“ताई, आधीचंच बरं होतं”: अनडूच्या कसोटीवर फोटो सॉफ्टवेअर

फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल कुणी लिहिलं की त्यात काय काय करता येतं याचीच यादी असते. आकाश बदलता येतं, मागचा माणूस पुसता येतो, म्हातारा तरुण करता येतो. माझी कसोटी उलटी आहे. केलेलं काम मला किती मागे नेता येतं, आणि किती दिवसांनी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी लग्नाच्या अल्बमचं डिझाईन आणि रिटचिंग करते. फोटो काढणारे कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूरचे. हार्ड डिस्क आणून देतात आणि पुढच्या मुहूर्ताला पळतात. या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसून मत बदलत नाही. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, घरी जातं, तिथून नवरीच्या सासरी, तिथून पुण्याच्या आत्याच्या मोबाईलवर. मग पंधरा दिवसांनी फोन येतो, “ताई, आधीचंच बरं वाटतंय बघा.” तोवर फाईल बंद झालेली असते, लाईट जाऊन येऊन कॉम्प्युटर कितीदा तरी बसून उठलेला असतो. तिथं कंट्रोल झेड दाबून काय होणार?

म्हणून मी अनडूचे, म्हणजे केलेलं मागे घेण्याचे, दोन भाग करते. एक हाताचं अनडू: ब्रश घसरला, लगेच मागे घेतला. दुसरं गिऱ्हाइकाचं अनडू: काम संपल्यावर, बिल झाल्यावर, कधी कधी अल्बम प्रेसला जायच्या आदल्या रात्री लागणारं. पहिल्यात फोटोशॉपला तोड नाही. दुसऱ्यात ते स्वतःहून काही देत नाही, तुम्ही तशी शिस्त लावली तरच देतं. त्याच अडोबी कंपनीचं लाईटरूम मात्र दुसऱ्यासाठीच जन्माला आल्यासारखं आहे.

आधी फोटोशॉप. त्याचं पहिलं व्हर्जन १९९० सालचं, आणि पुढं कितीतरी वर्षं त्यात एकच पाऊल मागे जाता येत होतं. हिस्ट्री पॅनेल, म्हणजे केलेल्या पावलांची यादी, आलं ते १९९८ च्या ५.० मध्ये. तरीही कंट्रोल झेड दाबलं की शेवटचं पाऊल मागे, पुन्हा दाबलं की पुढे, एवढंच व्हायचं. खरंच मागे मागे जायचं तर कंट्रोल-ऑल्ट-झेड. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सीसी २०१९ आलं आणि अडोबीनं हे बदललं. आता कंट्रोल झेड दाबत राहिलं की बाकी सगळ्या सॉफ्टवेअरसारखं एकेक पाऊल मागे जातं, आणि जुनं पुढे-मागे करणं कंट्रोल-ऑल्ट-झेडवर गेलंय. नव्या पोरांना हे बरंच आहे. आमच्यासारख्यांची बोटं मात्र जुन्या सवयीनं चालतात. मी डोळा मिटून-उघडून बघितल्यासारखं एकाच बदलाचं आधी-नंतर कंट्रोल झेडनं बघायची, ती सवय जाता जात नाही. ज्यांना जुनंच हवं त्यांनी एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये जाऊन ‘लेगसी अनडू शॉर्टकट्स’वर टिक करावी आणि फोटोशॉप बंद करून उघडावं. मी टिक केलेली आहे. कुणी हसलं तर हसू दे.

हिस्ट्रीत मुळात ५० पावलं धरलेली असतात. प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स भागात हा आकडा वाढवता येतो, १००० पर्यंत. ५० म्हणजे पुष्कळ वाटतं, पण रिटचिंगला बसा आणि बघा. नवरीच्या कपाळावरच्या पुरळावर हीलिंग ब्रशचा एक ठिपका म्हणजे एक पाऊल. डाव्या गालावरून उजव्या गालावर जाईपर्यंत पन्नास संपलेले असतात आणि यादीतली सगळ्यात जुनी ओळ वरून गळून पडलेली असते. चेहऱ्याचं काम असेल तर निदान २०० करा. मशीनमध्ये रॅम कमी असेल आणि स्क्रॅच डिस्कवर (फोटोशॉप तात्पुरतं सामान ठेवतं त्या डिस्कवर) जागा नसेल तर मात्र हजाराच्या नादाला लागू नका, कारण पूर्ण फोटोवर परिणाम करणारं प्रत्येक पाऊल साठवायला भरपूर जागा खातं.

या पॅनेलमध्ये दोन गोष्टी अशा आहेत की ज्या बऱ्याच जणांनी कधी दाबून बघितलेल्याच नसतात. एक स्नॅपशॉट. पॅनेलच्या खाली कॅमेऱ्याचं चिन्ह आहे. ते दाबलं की त्या क्षणाची अवस्था वर वेगळी ठेवली जाते आणि पन्नासाच्या गळतीत ती जात नाही. फाईल उघडल्यावर पहिला स्नॅपशॉट आपोआप होतो, म्हणून सगळं बिनसलं तर सगळ्यात वरच्या छोट्या चित्रावर क्लिक करायचं.

दुसरी गोष्ट हिस्ट्री ब्रश, आणि याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. संध्याकाळचं लग्न, हॉलमधला उजेड यथातथाच, फोटोग्राफरनं आयएसओ ६४०० वर ओढलेलं. फोटोत दाणे दाणे. नॉईज रिडक्शन लावलं की चेहरा छान मऊ होतो, पण गळ्यातल्या कोल्हापुरी साजाचं वाटोळं होतं. जवमणी एकमेकांत मिसळून पिवळी दोरी दिसायला लागते, मासा कुठला आणि कासव कुठलं कळत नाही. आणि इथल्या बायका अल्बममध्ये आधी साज बघतात, मग चेहरा. अशा वेळी हिस्ट्री पॅनेलमध्ये नॉईज रिडक्शनच्या आधीच्या ओळीच्या डावीकडच्या चौकोनात क्लिक करायचं, वाय दाबून हिस्ट्री ब्रश घ्यायचा आणि फक्त साजावरून फिरवायचा. तेवढ्याच भागापुरतं काम मागे जातं. चेहरा मऊ तो मऊच, आणि साजाचा एकेक मणी परत सुटा. कडा थोडी मऊ ठेवा आणि ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मानेवर दाण्यांचा पट्टा उठून दिसत नाही. हे चालतं ते मधल्या काळात फोटो क्रॉप केला नसेल किंवा त्याचा आकार बदलला नसेल तरच. कॅनव्हासचं माप जुळलं नाही तर ब्रश सरळ नकार देतो.

एवढं सगळं कौतुक करून झाल्यावर आता खरी गोम. फाईल बंद केली की हिस्ट्री गेली. स्नॅपशॉटही गेले. सेव्ह केल्यानं जात नाही, बंद केल्यानं जाते. पीएसडीमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाईलीत, त्यातलं काहीही साठत नाही. एफ १२ दाबून रिव्हर्ट करता येतं, पण ते शेवटच्या सेव्हपर्यंतच. (रिव्हर्ट स्वतःच हिस्ट्रीत एक ओळ म्हणून बसतं, त्यामुळं रिव्हर्टही अनडू करता येतं. हे ज्यानं सुचवलं त्याचं भलं होवो.) प्रेफरन्सेसमध्ये हिस्ट्री लॉग नावाचा प्रकार आहे, तो फाईलबरोबर टिकतो, पण त्यात असते नुसती नोंद, की अमुक वाजता अमुक केलं. त्यावरून मागे जाता येत नाही. “एवढ्या कामाचे एवढे पैसे?” विचारणाऱ्याला दाखवायला मात्र तो उत्तम.

म्हणजे गिऱ्हाइकाचं अनडू हवं असेल तर ते हिस्ट्रीत शोधायचंच नाही, लेअरमध्ये, म्हणजे मूळ फोटोवर चढवलेल्या वेगळ्या थरांमध्ये, पेरून ठेवायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेचं उदाहरण देते. एका घरानं लग्नानंतर जोडप्याला देवाला नेलेलं, आणि वाडी रत्नागिरीवर यात्रेच्या दिवसांत गेलेला माणूस गुलाबी झाल्याशिवाय खाली येत नाही. केस, भुवया, दात, नवरदेवाचा पांढरा सदरा, सगळं गुलालात. नवरीकडून निरोप आला, चेहऱ्यावरचा गुलाल काढा, माणूस ओळखू येत नाही. काढला. रंग बदलणारा ह्यू-सॅच्युरेशनचा अ‍ॅडजस्टमेंट लेअर घेतला, मॅजेंटा आणि लाल खाली आणले, त्वचेपुरता मास्क केला, म्हणजे बाकी भागावर तो बदल झाकून टाकला. त्याच्यावर उजेड-सावली जुळवणाऱ्या कर्व्हजचा एक लेअर, कारण गुलाल काढला की खालची त्वचा राखेसारखी दिसते. प्रूफ गेलं. पुढच्या आठवड्यात सासरे स्वतः आले. प्रूफ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “काय ओ ताई, गुलाल कुठं गेला? जोतिबाचा फोटो हाय का बागेतला?”

दोन्ही घरांचं म्हणणं बरोबर होतं. मी पीएसडी उघडली, त्यांच्यासमोर त्या लेअरची ओपॅसिटी शंभरवरून खाली खाली आणत गेले आणि कुठं थांबायचं ते त्यांनाच विचारलं. चाळीसवर म्हणाले, “हां, बास.” डोळे दिसत होते आणि गुलालही होता. हिस्ट्री कधीच पुसली गेली होती, पण तिची गरजच पडली नाही. अ‍ॅडजस्टमेंट लेअर फोटोशॉपमध्ये १९९६ च्या ४.० पासून आहेत आणि तरीही आजही इमेज मेनूतून थेट मूळ फोटोवरच ब्राईटनेस वाढवणारे लोक मला भेटतात. तो बदल फाईल बंद होईपर्यंतच मागे घेता येतो, पुढं ते पिक्सेल कायमचे तसेच.

हीच गोष्ट फिल्टरची. ब्लर, शार्पन, कॅमेरा रॉ फिल्टर लावायच्या आधी लेअरवर राईट क्लिक करून स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे मूळ फोटो आत तसाच राखणारा लेअर. स्मार्ट ऑब्जेक्ट २००५ च्या सीएस २ मध्ये आले, त्यावर फिल्टर लावायची सोय २००७ च्या सीएस ३ मध्ये. मग फिल्टर लेअरखाली नावानिशी लटकलेलं राहतं, हवं तेव्हा डबल क्लिक करून आकडा बदला नाहीतर डोळा बंद करा.

आणि क्रॉप! क्रॉप टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ असतं. ती टिक काढून ठेवा. ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली मावशी डिझाईनच्या सोयीसाठी कापली जाते, आणि तीच मावशी सगळ्या लग्नाचा खर्च केलेली निघते. टिक काढलेली असली तर इमेज मेनूतलं ‘रिव्हील ऑल’ दाबलं की मावशी हजर.

यासाठी किंमत मोजावी लागते ती डिस्कच्या जागेची. आपल्याकडचं चालणारं १२ बाय ३६ इंचाचं शीट ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल. एकच सपाट थर धरला तरी सुमारे ११७ एमबी होतो, आणि शीटवर पाच-सहा फोटो, त्यांचे मास्क, स्मार्ट ऑब्जेक्ट आले की पीएसडी बघता बघता फुगते. २ जीबीच्या पुढं पीएसडी सेव्हच होत नाही, पीएसबी हा मोठ्या फाईलींचा प्रकार घ्यावा लागतो. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते, अल्बम छापून हातात पडेपर्यंत लेअरवाल्या फाईली राहतील, त्यानंतर जेपेग. पुढं बदल हवा असेल तर नवं काम, नवे पैसे.

आता लाईटरूम क्लासिक, आणि इथं मला फार शब्द खर्च करावे लागणार नाहीत, कारण त्याचं मोठेपण साधं आहे. २००७ साली पहिलं व्हर्जन आलं तेव्हापासून ते मूळ फोटोला हातच लावत नाही. तुम्ही काय काय केलं त्याची नोंद कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या वहीत ठेवतं आणि एक्सपोर्ट करताना ती फोटोवर लावून नवी फाईल देतं. डेव्हलप मॉड्यूलच्या, म्हणजे एडिटिंगच्या पानाच्या, डाव्या बाजूला हिस्ट्री असते. तिला पन्नासाची मर्यादा नाही आणि ती बंद केल्यानं जात नाही. मागच्या वर्षीच्या बारशाचा फोटो आज उघडला तरी एक्सपोजर कधी वाढवलं, क्रॉप कधी केला, सगळ्या ओळी आकड्यांसह समोर. क्रॉप कधीही उलगडता येतो. बॅकस्लॅश दाबलं की मूळ फोटो, पुन्हा दाबलं की केलेला. गिऱ्हाइकासमोर बसून कामाचे पैसे वसूल करायला या एका बटणासारखं दुसरं काही नाही.

काही काटे आहेत ते सांगते. हिस्ट्री सरळ रेषेतच चालते: मागच्या ओळीवर जाऊन तिथून नवीन काही केलं की पुढच्या ओळी गायब. म्हणून मागे जायच्या आधी स्नॅपशॉट घ्या किंवा व्हर्च्युअल कॉपी करा, म्हणजे त्याच फोटोची नुसत्या नोंदीपुरती दुसरी प्रत. नवरीकडची एक, नवऱ्याकडची एक, जागा जवळपास शून्य. कंट्रोल झेड इथं नुसतं एडिटिंग मागे घेत नाही, दिलेले स्टार आणि फ्लॅगही काढतं, तेव्हा भराभर दाबत सुटू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एक्सएमपी फाईल (फोटोशेजारी एडिटिंगची नोंद ठेवणारी छोटी फाईल) लिहून ठेवली म्हणजे हिस्ट्री सुरक्षित, असा समज आहे. एक्सएमपीत जाते ती शेवटची अवस्था. पायऱ्या असतात फक्त कॅटलॉगमध्ये. त्यामुळं कॅटलॉगचा बॅकअप हाच तुमच्या अनडूचा बॅकअप. लाईटरूम तो बॅकअप मुळात कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये टाकतं, म्हणजे त्याच डिस्कवर. २०१९ आणि २०२१ साली शाहूपुरीत पाणी बघितलेल्या माणसाला यावर जास्त सांगायची गरज नाही. दुसरी डिस्क घ्या आणि वरच्या मजल्यावर ठेवा.

आता एक वेगळंच अनडू, जे माझ्याकडं रोज मागितलं जातं. मोबाईलवर एक फोटो दाखवतात. आजोबा वारलेले असतात, हार घालायला मोठी फ्रेम करायची असते, आणि घरातल्या सगळ्यांत चांगल्या फोटोवर नातवानं कधीतरी गोरं करणारं फिल्टर मारलेलं असतं. सुरकुत्या नाहीत, मिशी धुरकट, गाल मेणाचे. “ताई, एवढं फिल्टर तेवढं काढून द्या.”

जेपेगमधून फिल्टर काढता येत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक ठिकाणी एकच रंग असतो, तो बदलला की आधीचा कुठंच उरत नाही. हल्लीची एआयवाली ॲप्स सुरकुत्या परत आणून देतो म्हणतात. त्या आणतात, पण त्या आजोबांच्या नसतात. म्हणून मी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एकच विचारते: हा फोटो एडिट केला तो फोन कुठाय? आयफोनच्या फोटो ॲपमध्येच केलेलं असेल तर मूळ फोटो आत तसाच असतो. एडिटमध्ये जाऊन रिव्हर्ट दाबलं की आजोबा परत. गूगल फोटोजमध्ये केलेलं असेल आणि तिथंच नुसतं सेव्ह केलेलं असेल तर तिथंही रिव्हर्ट मिळतं. ‘सेव्ह कॉपी’ केलेलं असेल तर मूळ फोटो शेजारीच कुठंतरी पडलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असेल तर पाठवणाऱ्याला फोन लावा. फोटो काढतानाच कॅमेऱ्याचं ब्यूटी मोड चालू होतं असं निघालं तर मात्र मूळ असा फोटो बहुतेक नसतोच. मग मी आधार कार्डाच्या वेळचा पासपोर्ट फोटो शोधायला सांगते. त्यात आजोबा रागावलेले दिसतात, पण आजोबाच दिसतात.

पिकासाची आठवण काढणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. गूगलनं ते २०१६ मध्ये बंद केलं. पण त्यात सेव्ह केलेल्या फोटोंची मूळ प्रत त्याच फोल्डरमधल्या ‘पिकासा ओरिजिनल्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायची. जुनी डिस्क फॉरमॅट करायच्या आधी हिडन फाईल्स दाखवा आणि बघून घ्या.

मोबाईलवर काम करणाऱ्या पोरांना मी स्नॅपसीडच सांगते. फुकट, जाहिराती नाहीत. त्यातलं ‘व्ह्यू एडिट्स’ उघडा: केलेली प्रत्येक पायरी वेगळी दिसते, मधलीच एखादी उघडून बदलता येते, काढून टाकता येते, किंवा ती फोटोच्या काही भागापुरतीच ब्रशनं लावता येते. फोटोशॉपची हिस्ट्री मधली पायरी बदलू देत नाही, हे फुकटातलं ॲप देतं. बाहेर काढलेल्या जेपेगबरोबर या पायऱ्या दुसऱ्याच्या फोनवर जात नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

फोटोशॉप-लाईटरूमचं दरमहा भाडं परवडत नाही त्यांच्यासाठी जिम्प आणि डार्कटेबल ही फुकटातली सॉफ्टवेअर. जिम्पची हिस्ट्रीही फाईल बंद झाली की जाते, आणि फिल्टर लावलं की ते पिक्सेलमध्ये मुरायचं, ही त्याची जुनी रड होती. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं आणि आता फिल्टर लेअरवर वेगळं राहतं, नंतर बदलता येतं, जिम्पच्या एक्ससीएफ फाईलीत टिकतं. हे यायला फार उशीर झाला, पण आलं. डार्कटेबल शिकायला डोकं खातं. मात्र एका बाबतीत ते लाईटरूमच्या पुढं आहे: केलेल्या पायऱ्यांची अख्खी यादी ते फोटोशेजारच्या एक्सएमपीत लिहितं. फोटो आणि ती छोटी फाईल दुसऱ्या मशीनवर नेली की पायऱ्याही जातात. दोघं-तिघं मिळून काम करणाऱ्या स्टुडिओला हे फार उपयोगी आहे.

लाईटरूमचं भाडं बंद करायचं ठरवलंत तर एक करा. भाडं थांबलं तरी कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात, पण डेव्हलप मॉड्यूलला कुलूप लागतं. म्हणजे हिस्ट्री आत असूनही तुम्हाला तिच्यात मागे जाता येत नाही. म्हणून शेवटचा महिना संपायच्या आत ज्यांचे अल्बम अजून पास व्हायचेत त्यांच्या व्हर्च्युअल कॉपी करून, आधीचं आणि नंतरचं दोन्ही १६ बिट टिफमध्ये काढून ठेवा. आणि लग्नसराईच्या मध्येच भाडं थांबवू नका, मे महिना जाऊ द्या.